येलदरीच्या काठी दोन टाक्यांचा हिशेब

कॅराव्हॅन हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला, असे मुलांना वाटते. खरे तर तो फारसीतला 'कारवाँ'. वाळवंटातल्या उंटांच्या तांड्याचा हा शब्द युरोपात गेला, तिथे चाकांवरच्या घराला चिकटला आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा इंग्रजी कपडे घालून आपल्याकडे परत आला. धोरण आले, पण परभणी-हिंगोलीच्या रस्त्यावर अशी गाडी आम्हाला अजून दिसलेली नाही. म्हणून आम्ही ती घरीच तयार केली आणि एक दिवस एक रात्र येलदरीच्या जलाशयाकाठी राहून आलो. त्याची ही हकीकत.

अमेरिकेत या प्रकाराचे मोठे वेड आहे. नेवाडा आणि ॲरिझोना या वाळवंटी राज्यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवर हूवर धरण आहे, ते १९३६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाठीमागे जो तलाव झाला तो लेक मीड. चहूकडे रखरखीत डोंगर, मध्ये निळे पाणी. हिवाळ्यात तिथे म्हातारी जोडपी चाकांवरची घरे घेऊन मुक्कामाला येतात. आम्हाला या गाड्यांतली एक गोष्ट फार आवडली. त्यांत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी हात धुतलेल्या, भांडी घासलेल्या पाण्याची. तिसरी संडासाची. तलावासमोर महिनाभर राहा, पण दुसरी आणि तिसरी टाकी तलावात ओतायची नाही. ठरलेल्या जागी नेऊनच रिकामी करायची. तिथे तो कायदा आहे आणि मोडला तर दंड होतो.

आपल्याकडे सहलीचे सामान म्हणजे डेग, दस्तरखान, थर्माकोलच्या प्लेटा आणि लाऊडस्पीकर. पाणी तिथे असतेच, म्हणून आपण बरोबर नेत नाही, आणि मळलेले पाणी परत आणायचे ही कल्पनाच आपल्याला नाही.

आमच्या मामूंचा एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर आहे. लग्नसराईत वऱ्हाड वाहतो, एरवी उभा असतो. त्याच्या मागच्या दोन रांगांच्या सीटा काढल्या. एका बाजूला फळी टाकून त्यावर गादी, म्हणजे दादींचा पलंग झाला. दुसऱ्या बाजूला पाच किलोचा गॅस आणि शंभर लिटरची प्लास्टिकची टाकी, तिला खाली तोटी. पिण्यासाठी वीस लिटरचे दोन जार वेगळे. मळक्या पाण्यासाठी झाकणाचा एक मोठा निळा ड्रम. आणि दादींची खुर्ची. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा दुखावला तेव्हा मेडिकलवाल्याकडून बसून शौचाला जायची खुर्ची आणली होती, खाली बादली लागते ती. तीच घेतली. लाकडाच्या वखारीतून पोतेभर भुसा आणला, प्रत्येक वापरानंतर दोन मुठी टाकायला. आडोशाला चार बांबू आणि एक ताडपत्री.

या खुर्चीबद्दल लिहावे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. फुफी म्हणाल्या, 'लिहा. सफरनामे पुरुष लिहितात, म्हणून त्यांत ही गोष्ट नसते.' बरोबर बोलल्या. आपल्या घरातल्या किती बायका सहलीला जायचे नाव काढले की 'तुम्ही जा, मी घर सांभाळते' म्हणतात! आपण समजतो यांना आवड नाही. आवड असते. पण दिवसभर जायचे कुठे, हा प्रश्न असतो आणि तो कोणी विचारत नाही. मग ज्या जातात त्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. डोके दुखते, लघवीला जळजळ होते, आणि वर तब्येत नाजूक असल्याचा शिक्का बसतो. शरीराची हाजत दाबून नमाजला उभे राहणे मकरूह आहे, हे आपण मदरशात शिकतो. पण त्या हाजतीची सोय करणे कोणाचे काम, हे मात्र कोणी शिकवत नाही.

फुफांचा विरोध वेगळा होता. बायकामुलांना घेऊन रात्रभर रानात राहायचे? त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. म्हणून मामूंच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला आधी विचारले. त्यांचे शेत जलाशयाच्या काठाला लागून, आखाडा तिथेच, घरची माणसे तिथेच राहतात. त्यांनी खुशीने होकार दिला. असे विचारल्याशिवाय कोणाच्या बांधावर गाडी लावू नये, आणि धरणाच्या भिंतीजवळ, दरवाजांजवळ किंवा वीजघराजवळ तर मुक्कामाचा विचारही करू नये. मग फुफा तयार झाले, आणि नंतर सगळ्यांत जास्त सामान त्यांचेच निघाले.

आम्ही दहा जण होतो. दादी, फुफा-फुफी, हैदराबादहून आलेली खाला, मामू, आम्ही दोघे आणि तीन मुले. परभणीहून झरी, बोरी, जिंतूर आणि तिथून सेनगावकडे जाणारा रस्ता. सगळे मिळून साठेक किलोमीटर. जानेवारीतले ऊन. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी उभी, करडई काटे काढून बसलेली, हरभऱ्याला घाटे. जिंतूर सोडले की जमीन उंचसखल होते, माळ लागतात, पळस आणि बाभळी सुरू होतात. आणि एका वळणावर अचानक पाणी दिसते. समुद्र पाहिलेला नसेल तर त्याला समुद्रच म्हणावे लागेल. आमच्या सहा वर्षांच्या धाकट्याने तसे म्हटलेही.

हे पाणी पूर्णेचे. महाराष्ट्रात दोन पूर्णा आहेत, त्यामुळे मुलांचा भूगोलात घोटाळा होतो. विदर्भातली पूर्णा तापीला मिळते. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेतून निघते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. तिच्यावर येलदरीला धरण बांधायला १९५८ मध्ये सुरुवात झाली आणि ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. मातीची भिंत सव्वाचार किलोमीटरच्या आसपास लांब, उंची सुमारे ५१ मीटर. पायथ्याला साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे साडेबावीस मेगावॅट वीज. वीज करून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडवले जाते आणि तिथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानात जाते.

धरण पूर्ण भरले की त्यात ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी असते. वर्तमानपत्रात 'दलघमी' लिहितात ते हेच. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. म्हणजे येलदरी भरले की ९३ हजार ४०० कोटी लिटर. त्यातले सुमारे १२५ दलघमी मृतसाठा. तो बाहेर काढायच्या दारांच्या खाली राहतो. बाकीचे ८१० दलघमी जिवंत. म्हणून बातमीत 'येलदरी शून्य टक्के' असे येते तेव्हा धरण कोरडे पडलेले नसते, वापरता येण्याजोगे संपलेले असते. मोठ्या मुलीला हे समजावून सांगताना आमचाही घोळ मिटला.

आणि तिला सांगितले, तुझ्या घरच्या नळाला जे पाणी येते ते हेच. परभणी शहराचे आणि जिंतूरचे पिण्याचे पाणी येलदरीतून येते. ती जरा वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, 'इतनी दूर से?'

जोहरच्या वेळी पहिला प्रयोग झाला. निघण्यापूर्वी घरी आम्ही नळाखाली बादली ठेवून वुजू करून पाहिले होते. प्रत्येकाने नेहमीसारखे करायचे, घाई नाही, कंजूषी नाही. कोणाचे चार लिटर गेले, कोणाचे सहा. फुफांचे सात. सरासरी पाच धरू. नऊ जण नमाज पढणारे, येलदरीला जोहरपासून फजरपर्यंत पाच वक्त, म्हणजे ४५ वुजू. घरच्या सवयीने २२५ लिटर लागले असते. टाकी शंभराची. स्वयंपाक बाजूला ठेवला तरी मगरिबचे वुजू संपण्याआधीच तोटीतून हवा आली असती.

प्रेषित मुहम्मद (स.) एका 'मुद' पाण्यात वुजू करत, हे हदीसच्या प्रमाण ग्रंथांत आलेले आहे. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. लिटरमध्ये त्याचे माप उलेमांनी थोडे वेगवेगळे सांगितले आहे. ढोबळ मानाने पाऊण ते एक लिटर समजा. आम्ही ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल! ऐकून मान डोलवली आणि नळ तसाच सोडला. त्या दिवशी दादींनी आपला जुना तोटीचा बधना काढला. त्यात बरोबर एक लिटर मावते. बसून, तोटीची धार बारीक ठेवून, त्यांनी सुन्नतींसह पूर्ण वुजू केला आणि तळाशी दोन घोट पाणी उरले. त्यांच्या लहानपणी वाड्यात आडाचे पाणी शेंदून आणावे लागे. ज्याला दोर ओढावा लागतो त्याला माप शिकवावे लागत नाही, एवढेच त्या बोलल्या. मग सगळ्यांनी बधन्याने वुजू केला. मुलांचा पहिल्या वेळी अर्धाच पाय भिजला, दुसऱ्यांदा जमले. फुफांना दीड बधना लागला आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

किब्ला त्या जागेवरून थेट जलाशयाच्या दिशेने येत होता, पश्चिमेला जरासा उत्तरेकडे झुकलेला. समोर पाणी, पलीकडे निळसर माळ. सफ उभी राहिली तेव्हा आणखी एक मजेचा प्रश्न निघाला. परभणी ते येलदरी साठ किलोमीटर, आणि हनफी फिक्हप्रमाणे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७-७८ किलोमीटर, जायचे असेल तरच माणूस मुसाफिर. म्हणजे आम्ही गाडीत घर बांधून, रानात तंबू ठोकूनही मुसाफिर नव्हतो. आमची नमाज पूर्ण. खाला मात्र हैदराबादहून आठ दिवसांसाठी आलेली, ती मुसाफिर. एकटीने पढली असती तर जोहर दोन रकात. फुफांच्या मागे जमातीत उभी राहिली म्हणून तिलाही चार. मुलांनी तिला 'खाला, आप मुसाफिर हैं' म्हणून दिवसभर चिडवले आणि तिनेही त्याचा फायदा घेऊन एक भांडे धुतले नाही. मुसाफिराची खातिरदारी करायची असते, म्हणाली.

भांड्यांवरून आठवले. दुपारी जेवणानंतर फुफी भांड्यांचे टोपले घेऊन सवयीने पाण्याकडे निघाल्या. उताराच्या खाली पन्नास पावलांवर एवढे पाणी, आणि इथे आम्ही तोटीखाली लोटाभर पाणी जपतोय. फुफा त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. ते म्हणाले, फिक्हमध्ये 'दह-दर-दह', दहा हात लांब दहा हात रुंद, एवढे पाणी असले की ते मोठे पाणी. थोडीशी घाण पडून ते नापाक होत नाही, जोवर रंग, वास किंवा चव बदलत नाही. हा तर मैलोनमैल तलाव. चार ताटल्यांनी त्याचे काय होणार? (आमच्या कोकणातल्या शाफई वाचकांकडे हे माप दोन कुल्ल्यांचे आहे. त्या मापानेही येलदरी मोठेच ठरेल.)

फुफांचा मसला बरोबर होता. पण त्यांनी जो प्रश्न सोडवला तो आमचा प्रश्न नव्हता. त्या पाण्याने वुजू होईल का, याचे उत्तर त्यांनी दिले. ते पाणी कोणी प्यावे का, हा सवाल वेगळा आहे. पाणी पाक असणे आणि पिण्याजोगे स्वच्छ असणे या दोन गोष्टी आहेत. ज्या शरीअतने मोठ्या पाण्याला पाक ठरवून माणसाला सोय दिली, तिनेच साचलेल्या पाण्यात लघवी करायला मनाई केली. पाणवठ्यावर, येण्याजाण्याच्या वाटेवर आणि लोक बसतात त्या सावलीत घाण करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) शापाचा धनी म्हटले. तिथे तलाव किती मोठा याची अट नाही. कारण तिथे विषय पाण्याच्या हुकमाचा नाही, पुढे येणाऱ्या माणसाच्या हक्काचा आहे.

हे आम्ही बोलत होतो, तेवढ्यात शेताच्या मालकीणबाई हुरड्याची कणसे घेऊन आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. वादाचा विषय कळल्यावर त्या सहज बोलल्या, 'ओ भाभी, रविवारी येत्यात ना लोकं, साबन लावून लावून आंघोळी करत्यात, गाड्या धुत्यात, पोरांचं समदं तिथंच. आन् आमी त्याच काठावरनं घागर भरतो. कुनाला काय म्हनावं?' त्यांच्या आवाजात राग नव्हता. फुफी टोपले घेऊन परत फिरल्या.

मग भांडी आमच्या पद्धतीने झाली. आधी ताटे रद्दी कागदाने पुसली, कागद चुलीत. मग राखेने घासली. मग एका टबात विसळली, दुसऱ्या टबात धुतली. पहिल्या टबातले पाणी निळ्या ड्रममध्ये, दुसऱ्यातले पुढच्या वेळी पहिल्या टबात. साबण जवळजवळ लागला नाही. हे काम मामू आणि आम्हा दोघांतल्या पुरुषाकडे होते. ते आधीच ठरले होते, कारण बायकांनी घरची चूल उचलून तलावावर मांडायची आणि पुरुषांनी पतंग उडवायचे, याला सहल म्हणत नाहीत.

हुरडा काकूंनीच भाजला. जमिनीत उथळ आगटी, त्यात गोवऱ्यांचा निखारा, कणसे खुपसून फिरवायची आणि गरमागरम हातावर चोळायची. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. बियाणे 'परभणी मोती'चे, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला रब्बी ज्वारीचा वाण. हैदराबादच्या खालाने हुरडा पहिल्यांदा खाल्ला आणि त्यापुढे संध्याकाळपर्यंत तिला कशाची आठवण राहिली नाही.

असरनंतर काकांबरोबर काठाने फिरायला गेलो. जानेवारीत पाणी थोडे उतरलेले असते. उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. दिसायला ती जमीन मऊशार, पण पाण्याच्या कडेचा गाळ फसवा असतो. पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि निघत नाही. मुलांना आम्ही काकांच्या मागे एका रांगेत चालवले आणि पाण्यात उतरू दिले नाही, पोहणाऱ्या मोठ्यालासुद्धा. धरणाच्या जलाशयाला नदीसारखा हळूहळू उतार नसतो. जुने ओढे, विहिरी, खाणी सगळे पाण्याखाली तसेच असते आणि एका पावलात तळ नाहीसा होतो. दरवर्षी सहलीची कितीतरी मुले अशी जातात. धरणाच्या खालच्या बाजूला नदीच्या पात्रात तर बसूच नये. पाणी सोडताना भोंगा वाजतो, पण गाण्याच्या आवाजात तो ऐकू येईलच असे नाही.

काठावर गारगोट्या पुष्कळ. पांढऱ्या, हिरवट, मधासारख्या पिवळ्या, आतून काचेसारख्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर पसरले. त्याच्या पोकळ्यांत हे दगड तयार झाले आणि भोवतीचा काळा खडक झिजला तसे मोकळे झाले. भूमीवर हिंडा आणि निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, ही कुरआनची शिकवण मुलांना तोंडपाठ होती. तिचा अर्थ हातात धरायला साडेसहा कोटी वर्षांचा दगड मिळाला. धाकट्याने खिसे इतके भरले की पायजमा धरून चालावे लागले.

एका जागी काका थांबले आणि पाण्याकडे बोट केले. 'तिकडं आमचं जुनं गाव व्हतं. आज्याचं घर, मारुती, सगळं. लय पानी उतरलं तं भिंती दिसत्यात.' त्यांचा जन्म धरणानंतरचा. गाव त्यांनी पाहिलेले नाही, फक्त दिशा माहीत आहे. लेक मीडच्या पोटातही असेच एक गाव आहे, सेंट थॉमस. १९३८ मध्ये बुडाले आणि या शतकात दुष्काळाने तलाव उतरला तेव्हा त्याची जोती पुन्हा वर आली. लोक आता ती बघायला जातात. काकांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, 'आमचं वर येऊ नये. वर आलं म्हंजी दुस्काळ.' २०१६ मध्ये लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. मराठवाड्यातल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या नळाला येणारे पाणी कोणाच्या तरी अंगणावर उभे आहे. ते त्यांनी सोडले म्हणून आपण पितो. त्यांच्याच काठावर जाऊन आपण हाडे, प्लेटा आणि लहान मुलांचे लंगोट टाकून यायचे, आणि वर 'पाणी अल्लाहचे आहे' म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही. पाणी सगळ्यांचे सामायिक आहे, ही तर प्रेषितांची (स.) शिकवण. पण सामायिक म्हणजे बेवारस नव्हे. उरूस, वलीमा, ईदच्या दुसऱ्या दिवशीची सहल, यांनंतर आपल्या लोकांनी सोडलेल्या जागा आम्ही पाहिल्या आहेत. दुसरेही तसेच करतात, हे खरे. पण दिवसातून पाच वेळा अंग धुऊन उभे राहायचा दंडक त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे.

सूर्य पाण्यावरच मावळला. रजबची २९ होती, म्हणून सगळे शाबानचा चाँद शोधत उभे राहिलो. क्षितिजावर धुरकट पट्टा होता, दिसला नाही. म्हणजे महिना तीसचा. पाणकावळ्यांची एक रांग पाण्याला अगदी चिकटून उडत गेली.

रात्री थंडी चांगलीच होती. खिचडी-खट्टा आणि पापड, एका डेगीचे जेवण. चंद्र नसल्यामुळे तारे इतके की मुले गप्प झाली. त्यांना आम्ही नावे दाखवली. डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, अरबीत त्यालाच सुरैया म्हणतात. आपल्या ओळखीतल्या सगळ्या सुरैया त्याच. तिच्या मागे तांबूस रोहिणी. इंग्रजी पुस्तकात तिचे नाव अल्डेबरान, ते अरबी 'अद्-दबरान', मागून येणारा. मृगाच्या पायाचा पांढराशुभ्र तारा रायजेल, तो अरबी 'रिज्ल', पाय. वाळवंटातल्या कारवाँनी रात्री वाट शोधण्यासाठी ज्यांकडे पाहिले तेच हे तारे. मोठी मुलगी अंथरुणात शिरल्यावरही खिडकीतून बघत होती.

बायका आणि दादी गाडीत झोपल्या, पुरुष बाहेर तंबूत. मध्यरात्री दादी उठल्या, खालाने बॅटरी धरली, ताडपत्रीच्या आडोशाला खुर्ची होतीच. सकाळी त्या म्हणाल्या, हज सोडला तर घराबाहेर पोटभर पाणी पिऊन झोपण्याची ही पहिली रात्र.

फजरनंतर धुके पाण्यावरून उठत होते आणि त्यातून मासेमाऱ्यांच्या होड्या येत होत्या. जाळ्यात कटला, रोहू. एका होडीवाल्याने तिथेच काट्यावर दोन किलोचा कटला तोलून दिला. हळद, तिखट, मीठ, लिंबू आणि तव्यावर तेल. यापुढे वर्णन केले तर संपादक जागा कापतील.

दहाच्या सुमारास आवरले. स्वच्छ टाकीत १७ लिटर उरले होते. पिण्याचा एक जार पूर्ण संपला, दुसरा निम्मा. निळ्या ड्रममध्ये ३० लिटरच्या आसपास मळके पाणी जमले. काकांनी ते काठापासून लांब, बांधावरच्या बाभळीच्या आळ्यात ओतायला सांगितले. साबण नसल्यामुळे झाडाला अपाय नाही. खुर्चीखालची बादली भुशासकट त्यांच्याच परवानगीने शेताच्या वरच्या टोकाला हातभर खोल खड्ड्यात पुरली, पाण्यापासून आणि विहिरीपासून चांगली दूर. ज्यांना अशी जागा मिळणार नाही त्यांनी झाकण लावून घरी न्यावी. कचऱ्याचे एक पोते झाले. ते टपावर बांधले. त्यात आमच्या आधीच्या कोणाच्या तरी बाटल्याही होत्या, मुलांनी गोळा केलेल्या.

जे करू इच्छितात त्यांच्यासाठी थोडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस ठीक, पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा काठावर मुक्काम नको. पाणी माणशी चौदा-पंधरा लिटर पुरे होते, वुजूसकट. बधना घ्या, तोटीखाली थेट वुजू केला की हिशेब बिघडतो. वखारीतला भुसा कोरडा असला पाहिजे, ओला वास धरतो.

निघताना काकू गाडीपाशी आल्या. हुरड्याची पिशवी खिडकीतून आत दिली, आणि मग खालाला बाजूला घेऊन हळूच विचारले, ती खुर्ची कुठे मिळते. त्यांच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, आखाड्यावर सोय नाही, रात्री उसात जावे लागते. 'जिंतूरला मिळंल का ओ? केवढ्याला आसती?' खाला हैदराबादची, तिला जिंतूर काय माहीत. दादींनी आतून ऐकले आणि मामूंना गाडी बंद करायला सांगितली. खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून मागे बांधलेली होती. मामूंनी दोर सोडला. उरलेला भुसाही तिथेच ठेवला.